पोराच्या खिशात पुडी सापडली तर?

पहाटे चूल पेटवून, आंघोळीचे पाणी ठेवून आई धुण्याचे बोचके सोडते. पोराची पँट झटकताना चोरखिशातून एक बारीक प्लॅस्टिकची पुडी खाली पडते. आत पांढरी पावडर. आईला वाटते, औषध असेल. मग आठवते, गेले दोन महिने पोरगा रात्र रात्र झोपत नाही, जेवत नाही. बोलायला गेले की अंगावर येतो. परवा धाकटीच्या कानातले सापडत नव्हते. आई पुडी पदरात बांधते आणि उंबऱ्यात बसून राहते. कुणाला सांगावे? बापाला सांगितले तर तो मारून टाकील. शेजारणीला सांगितले तर गावभर होईल. पोलिसांना सांगितले तर पोरगा जन्माचा आत जाईल.

ही गोष्ट कुणा एका घराची नाही. बेंबळीच्या कोणत्याही वस्तीत, कोणत्याही आईवर ही वेळ आली तर काय, एवढ्यासाठी ती सांगितली. 'आपल्याकडे कुठे आलंय असलं काही? ते मुंबई-पुण्याचं खूळ,' असे म्हणण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

तामलवाडीच्या वाटेवर

बेंबळीपासून तुळजापूर काही फार लांब नाही. सोलापूरहून तुळजापूरकडे येताना वाटेत तामलवाडी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडी पोलिसांनी तेथे तिघांना एमडी नावाची पावडर आणताना पकडले. माल मुंबईहून येत होता. तपास पुढे सरकला तशी आरोपींची यादी वाढत जाऊन तीसच्या वर गेली. त्यांत मंदिरातील काही पुजाऱ्यांचीही नावे आली. सारा धाराशिव जिल्हा हादरला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. गुन्हा शाबीत होईपर्यंत कुणालाही गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एवढे मात्र सिद्ध झाले की, ही पावडर आपल्या जिल्ह्याच्या वेशीतून आत आली आहे आणि ती जात विचारून घरात शिरत नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. कारखान्यात रसायनांपासून ती बनते. तिला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत तिचे कारखाने उघडकीस आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा घालून मोठा साठा पकडला. म्हणजे हे विष समुद्रापलीकडून येते असेही आता राहिले नाही. जेथे आपली पोरे हंगामी कामाला जातात, त्याच औद्योगिक वसाहतींत ते शिजते.

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 'गर्द' आली, तेव्हाही आपल्या कामगार वस्त्यांनी अशीच पोरे गमावली. आधी कुणी बोलले नाही. बोलू लागले तेव्हा उशीर झाला होता. ती चूक पुन्हा नको. म्हणून आज या विषयाची कायद्याची बाजू घरातल्या माणसांना समजेल अशी मांडत आहोत.

कायदा वजनावर चालतो

अमली पदार्थांचा मुख्य कायदा १९८५ चा आहे. त्याचे नाव 'गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम'. पोलीस आणि वकील त्याला 'एनडीपीएस' म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. सुरुवातीला त्यात अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती आणि थोडासा माल बाळगणारा व पोत्याने माल आणणारा यांत फरक फार कमी केला जाई. अडकत होता तो बहुधा शेवटच्या टोकाचा गरीब माणूस. २००१ साली कायदा दुरुस्त झाला आणि शिक्षा वजनावर ठरू लागली.

आता तीन पायऱ्या आहेत. अल्प प्रमाण, मधले प्रमाण आणि व्यापारी प्रमाण. एमडीचे अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत, तर व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमपासून. गर्दचे म्हणजे हेरॉईनचे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. चरसचे १०० ग्रॅम आणि १ किलो. गांजाचे १ किलो आणि २० किलो.

अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त १ वर्ष कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी १० वर्षे, जास्तीत जास्त २० वर्षे आणि वर १ ते २ लाख दंड. नुसते सेवन केले तरी गुन्हा आहेच. त्याला पदार्थाप्रमाणे ६ महिने किंवा १ वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

एमडी फार महाग आणि वजनाला फार हलकी असते, हे ध्यानात घ्या. २ ग्रॅम म्हणजे चमचाभरही नाही. त्यात भेसळ असली तरी भेसळीसकट वजन धरायचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये दिला आहे. म्हणजे पुडीत अर्धी पावडर आणि अर्धे दुसरेच काही असले, तरी काट्यावर सगळेच चढते. आपले पोरगे 'मी एकटाच घेतो, विकत नाही' म्हणत मित्रांच्या चार पुड्या खिशात ठेवते, तेव्हा ते एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर गेलेले असते आणि त्याला त्याची खबरही नसते.

व्यसनी वेगळा, व्यापारी वेगळा

आता उंबऱ्यात बसलेल्या त्या आईकडे येऊ. तिला वाटते, कायद्यात फक्त तुरुंग आहे. तसे नाही. याच कायद्यात ६४-अ नावाचे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी अथवा सरकारमान्य रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट टाकून पळाला तर हे संरक्षण काढून घेता येते. दुसरे कलम ३९. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला तुरुंगात न पाठवता, त्याच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

म्हणजे व्यसनी आणि व्यापारी यांत कायद्याने फरक केला आहे. व्यसनी हा आजारी माणूस आहे, ही जाणीव कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली आहे. तुळजापूरच्या प्रकरणातही विकणारे कोण आणि सेवन करणारे कोण, हा प्रश्न पुढे आलाच. पण हा फरक आपोआप अमलात येत नाही. तो कुणीतरी मागावा लागतो. वकिलाने अर्ज करावा लागतो, डॉक्टरचा कागद जोडावा लागतो, घरच्यांनी पोराला दवाखान्यात न्यावे लागते. ज्याच्यासाठी मागणारे कुणी नाही, त्याच्या बाबतीत ६४-अ हे कलम पुस्तकातच झोपून राहते. या लेखाचे सांगणे एवढेच आहे की, ते कलम जागे करायला घरातल्या माणसाने शिकावे.

यात पहिली पायरी पोलीस येण्याच्या आधीची आहे. पुडी सापडली त्याच दिवशी पोराला घेऊन दवाखान्याची वाट धरावी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे. तेथे जवळचे केंद्र कोणते ते विचारता येते. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करीत आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते गर्दच्या त्याच लाटेत उभे केले. तेथून बरे होऊन बाहेर पडलेले आणि पुन्हा संसाराला लागलेले हजारो लोक आहेत. व्यसन सुटते. एका फेरीत सुटले नाही तर दुसऱ्या फेरीत सुटते. मारझोड करून, कोंडून घालून, गंडेदोरे बांधून मात्र सुटत नाही.

रात्री दारावर थाप पडली तर

पण समजा, दवाखान्याच्या आधी पोलीस आले. तेव्हा काय? बहुतेक घरांत रडारड होते, बाया पोलिसांच्या पाया पडतात, कुणीतरी पुढारी शोधायला धावतो. या धावपळीत पहिले २४ तास निघून जातात आणि खटल्याचा पाया त्या २४ तासांतच घातला जातो. म्हणून शांत डोक्याने काही गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट झडतीची. एखाद्याच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर 'तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जावी, हा तुझा हक्क आहे,' असे त्याला सांगणे या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये हे ठासून सांगितले. हा नियम अंगझडतीपुरता आहे. हातातल्या पिशवीला किंवा गाडीला तो लागू होत नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची, यात मात्र कुठलीही सूट नाही. घरावर सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय छापा घालायचा तर त्याची कारणे अधिकाऱ्याला आधी लिहून ठेवावी लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरणही आवश्यक केले आहे.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. पंच म्हणून बहुधा वाटेवरचा, हाताशी सापडेल तो माणूस बोलावला जातो. तो आपल्यापैकीच कुणी असू शकतो. पंच म्हणून सही करताना डोळ्यांनी पाहिले तेवढ्यालाच सही करावी. माल आपल्यासमोर मोजला का, वजन किती भरले, पाकीट आपल्यासमोर सीलबंद झाले का, हे पाहावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. आपल्या एका सहीने कुणाची दहा वर्षे जाऊ शकतात, किंवा खरा व्यापारी सुटून जाऊ शकतो. दोन्ही वाईटच.

तिसरी गोष्ट अटकेची. अटकेचा कागद तयार होतो. त्यावर तारीख, वेळ आणि साक्षीदाराची सही असते. अटक झाल्याची खबर नातेवाईकाला किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. पोराला मार लागला असेल तर त्याने तो डॉक्टरला दाखवावा आणि दंडाधिकाऱ्यासमोर तोंडाने सांगावा. अटकेची कारणे लेखी, आणि ज्याला अटक झाली त्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. ते प्रकरण महाराष्ट्रातलेच होते आणि त्या पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते. अमरावतीच्या बौद्ध घरातला मुलगा त्या खुर्चीवर बसलेला असताना हा निकाल आला, याची नोंद आपल्या घराघरांत राहावी.

चौथी गोष्ट जबाबाची. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. अमली पदार्थविरोधी खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या कबुलीचेही तेच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही. 'कबूल कर, लगेच सोडतो' या शब्दांवर पोराने आणि आईबापानेही भुलू नये.

पाचवी गोष्ट वकिलाची. 'आमच्याकडे वकिलाला पैसा कुठला?' असे म्हणून अनेक घरे हात गाळतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला, प्रत्येक स्त्रीला, प्रत्येक बालकाला आणि अनुसूचित जातीच्या प्रत्येक व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचाही त्या यादीत समावेश झाला आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते, तसे ते धाराशिवलाही आहे. मोफत दूरध्वनी क्रमांक १५१००. ही भीक नव्हे, हा हक्क आहे.

सहावी गोष्ट जामिनाची. व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ मुळे जामीन फार अवघड असतो. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे, याची आधी न्यायालयाची खात्री पटावी लागते. अल्प आणि मधल्या प्रमाणाला ही कडक अट नाही. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत आरोपपत्र दिले नाही तर जामीन हा हक्कच बनतो. व्यापारी प्रमाणाला ती मुदत १८० दिवस आहे, एरवी गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवस. हे दिवस घरातल्या माणसाने कॅलेंडरवर खुणा करून मोजावेत. गरिबाची तारीख दुसरे कुणी मोजत नाही.

मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर सगळी वाटच वेगळी. त्याला पोलीस कोठडीत ठेवताच येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला सर्वांत आधी शोधून काढावा. लहान मुलाच्या हातून पुड्या पोचवणाऱ्या किंवा मुलाला नशा देणाऱ्या मोठ्या माणसाला २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. 'नुसतं हे पाकीट त्या टपरीवर दे, शंभर रुपये घे,' असे कुणी पोराला सांगत असेल तर गुन्हेगार तो सांगणारा आहे.

चोवीस तास कुणी लिहिले?

हे २४ तास, ही अटकेची कारणे, हा आपल्या पसंतीचा वकील, हे कुठून आले? राज्यघटनेच्या कलम २२ मधून. घटनेच्या मसुद्यात हे कलम आधी नव्हते. अटकेसंबंधीचे हे नवे कलम १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत मांडले ते स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. नागरिकाचे स्वातंत्र्य पुरेसे राखले गेले नाही, असे अनेक सभासदांना वाटत होते. त्याची भरपाई म्हणून हे कलम आणले गेले.

विचार करा. फौजदाराच्या एका शब्दावर माणसाला चावडीत बसवून ठेवण्याचा तो काळ. पाटलाच्या वाड्यासमोर आपल्या आजोबा-पणजोबांना कारण न सांगता बांधून घातले जाई. कारण विचारण्याची सोय नव्हती, वकील हा शब्दच ठाऊक नव्हता. त्या लोकांच्या नातवाला आज 'मला का धरले ते लिहून द्या' असे म्हणता येते. एवढ्या एका ओळीसाठी किती माणसे किती पिढ्या खपली, हे आपण विसरतो. आणि विसरलो की ती ओळ मेली.

आपण पंचशील घेतो. त्यातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. राज्यघटनेच्या कलम ४७ ने आरोग्याला घातक पेये व पदार्थ रोखण्याचे काम राज्यावर सोपवले आहे. तेव्हा नशेला आपला पाठिंबा असण्याचा प्रश्नच नाही. पण शील मोडलेल्या पोराला हाकलून देणे हा काही धम्म नव्हे. एका हाताने नशा सोडवायची आणि दुसऱ्या हाताने त्याचा हक्क राखायचा, असे हे दुहेरी काम आहे.

कायदा एक, माणसे दोन

२ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री मुंबईहून निघालेल्या एका प्रवासी जहाजावर अमली पदार्थविरोधी खात्याने छापा घातला. एका मोठ्या सिनेनटाचा मुलगा पकडला गेला. त्याच्याजवळ काहीही सापडले नव्हते. देशातले नावाजलेले वकील उभे राहिले. तरी त्याला तुरुंगातून बाहेर पडायला ३० ऑक्टोबर उजाडला. मे २०२२ मध्ये आरोपपत्र आले तेव्हा पुराव्याअभावी त्याचे नाव त्यात नव्हते. ज्याच्या दाराशी पैसा आणि वकील उभे होते, त्याची ही कथा. मग बेंबळीच्या मजुराच्या पोराने किती दिवस मोजावेत? देशाच्या तुरुंगांत चारांतले जवळजवळ तीन कैदी कच्चे कैदी असतात. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नसतो. त्यांत दलित, आदिवासी आणि इतर मागासांचा भरणा किती, हे सांगायला आकडे लागत नाहीत. कारागृहाच्या दारात भेटीसाठी उभी असलेली रांग पाहिली तरी पुरे.

हे एकट्या आपल्या देशाचे नाही. ऑस्ट्रेलिया हा श्रीमंत, शिकलेला देश. तेथील मूळ आदिवासी लोकसंख्येत शेकडा तीन-चारच आहेत. तुरुंगात मात्र तिघांमागे एकाहून अधिक कैदी त्यांचा असतो. कोठडीत त्यांची माणसे मरू लागली तेव्हा सरकारने १९८७ मध्ये आयोग नेमला. आयोगाने ९९ मृत्यूंची चौकशी करून १९९१ मध्ये अहवाल दिला आणि सांगितले की, तुरुंग हा सर्वांत शेवटचा उपाय असावा. सांगून झाले. त्यानंतरही त्यांचे पाचशेहून अधिक लोक कोठडीत आणि तुरुंगात मेले. आयोग बसतो, अहवाल निघतो, आणि वस्तीतली पोरे पकडली जातातच. हे वाचताना आपल्याला काही नवे वाटत नाही.

पण त्याच देशात दुसरी वाटही दिसते. त्यांच्या राजधानीच्या कॅनबेरा प्रदेशात २८ ऑक्टोबर २०२३ पासून नवा नियम आला. स्वतःपुरता अगदी थोडा माल जवळ सापडला तर पोलीस १०० डॉलर दंड करतात किंवा आरोग्य सल्ल्याच्या बैठकीला पाठवतात. विकणाऱ्याला मात्र पूर्वीसारखीच शिक्षा. आपल्या ६४-अ कलमामागे जो विचार आहे, तोच त्यांनी रस्त्यावरच्या शिपायाच्या हातात दिला.

झडतीचेही तसेच. तेथील न्यू साऊथ वेल्स राज्यात २०१८ साली एका संगीत महोत्सवात पोलिसांच्या कुत्र्याने हुंगले म्हणून एका महिलेची कपडे उतरवून झडती घेतली गेली. काही सापडले नाही. ती गप्प बसली नाही. तिच्यासारख्या हजारो लोकांच्या वतीने दावा चालला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने झडती बेकायदा ठरवून तिला ९३ हजार डॉलर भरपाई दिली. झडतीचा नियम मोडला की दाद मागता येते, हे आपल्याकडेही खरे आहे. आपल्या कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे उगाच त्रास देण्यासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खोटी खबर देऊन कुणाला अडकवणाऱ्याला २ वर्षांपर्यंत.

घरात, वस्तीत काय करावे

आता रोजच्या व्यवहारातल्या गोष्टी. मित्राची बॅग किंवा डबा 'दोन दिवस ठेव' म्हणून आला तर ठेवू नये. आपल्या घरात माल ठेवला जातोय हे माहीत असून ठेवू दिले, तर घरमालकही गुन्हेगार ठरतो. आपली मोटारसायकल कुणालाही देऊ नये. मालाच्या वाहतुकीत ती सापडली तर सरकारजमा होऊ शकते आणि मला ठाऊक नव्हते हे मालकालाच सिद्ध करावे लागते. दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोनवरून पैसे पाठवू नयेत की आपल्या खात्यात घेऊ नयेत. मोबाईलमधला एक व्यवहार माणसाला कटात ओढतो.

पोराकडे लक्ष असू द्यावे. रात्र रात्र जागणे, भूक मरणे, झपाट्याने वाळणे, दात खाणे, छातीत धडधड, विनाकारण संशय आणि चिडचिड, मग दोन दिवस मेल्यासारखे पडून राहणे, ही एमडीची लक्षणे असू शकतात. नाकातून रक्त येणे, घरातल्या वस्तू नाहीशा होणे, जुने मित्र तुटून नवे अनोळखी मित्र येणे, याकडेही पाहावे. एखादे लक्षण दिसले म्हणून पोर नशेखोर ठरत नाही. पण विचारायला हरकत नाही. बापाने हात उगारण्याआधी शेजारी बसून विचारावे.

ऊसतोडीला आईबाप सहा-सहा महिने बाहेर असतात, पोरे आजीच्या भरवशावर गावात राहतात. ही पोरे व्यापाऱ्याच्या जाळ्यात पहिली सापडतात. त्यांच्याकडे लक्ष ठेवणे हे एका घराचे काम नाही, ते साऱ्या वस्तीचे आहे. पौर्णिमेला विहारात महिला मंडळ जमते. एखाद्या पौर्णिमेला वकिलाला आणि डॉक्टरला बोलवावे. १४४४६ आणि १५१०० हे दोन क्रमांक विहाराच्या भिंतीवर ठळक रंगवावेत. गल्लीत कुणी विकतो असे कळले तर एकट्याने अंगावर घेऊ नये. केंद्र सरकारच्या १९३३ या क्रमांकावर खबर देता येते. पोलीस ठाण्यात जायचे तर चार-पाच जणांनी मिळून जावे आणि अर्जाची पोच घ्यावी. पोलिसांशी आपले वैर नाही. व्यापारी पकडायचा तर पोलीसच लागतात. त्यांनी कायद्याने वागावे, एवढेच मागणे आहे.

आणि एक शेवटचे. पोरगा उपचार घेऊन किंवा जामिनावर घरी आला की वस्तीने त्याला नाव ठेवू नये. 'पावडरवाला' हा शिक्का त्याला पुन्हा त्याच टोळक्यात ढकलतो. त्याला कामावर न्यावे, जेवायला बोलवावे, जयंतीच्या कामात जबाबदारी द्यावी.

ती आई अजून उंबऱ्यात बसली आहे. तिच्या पदरात पुडी आहे. ती जवळ ठेवणे धोक्याचे आहे आणि पोराला परत देणे तर त्याहून धोक्याचे. ती तिने घरात लपवू नये. विधी सेवेच्या वकिलाला फोन करून पुढे काय करायचे ते विचारावे. मग पोराला उठवावे, चहा द्यावा, आणि म्हणावे, "बाबा, चल. मी आहे संगं. दवाखान्यात जाऊ." बेंबळीहून धाराशिवला जाणारी सकाळची गाडी आईला ठाऊक आहे. आता त्या गाडीतून कशासाठी जायचे, हेही तिला ठाऊक झाले.